शनवार तेल्यांचा घाणा कोणी थांबवला?

माझी नात बारा वर्षांची झाली त्या वर्षी तिला शाळेतून ‘शोराशिम’ लिहून आणायला सांगितले होते. आपल्या सगळ्यांच्या नातवंडांना हे कधी ना कधी करावेच लागते. घराण्याची मुळे शोधायची, आजी-आजोबांना प्रश्न विचारायचे, जुने फोटो चिकटवायचे. ती वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “सावता, तुझ्या आजोबांचे वडील काय काम करायचे?” मी सांगितले, घाणा चालवायचे. तिला समजावे म्हणून हिब्रूत ‘बेत बाद’ म्हटले. आठ दिवसांनी वही पाहते तो काय, माझ्या पणजोबांच्या मागे तिने ऑलिव्हच्या झाडांची रांग काढलेली. अलिबाग तालुक्यात ऑलिव्ह!

तिचा दोष नाही. या देशात बेत बाद म्हटले की ऑलिव्हच डोळ्यांपुढे येणार. पण शिक्षिकेची सवय जात नाही, मी वही पुढे तपासत गेले आणि खालचे एक वाक्य मला जास्त खटकले. तिने लिहिले होते की शिकून पुढे जायचे होते म्हणून आमच्या कुटुंबाने घाणा सोडला. हे वाक्य तिचे नव्हते. ते माझ्या मुलाचे होते आणि त्याला ते माझ्या वडिलांकडून मिळाले होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हेच सांगतात. बेने इस्राएल हुशार, त्यांनी शाळा काढल्या, नोकऱ्या धरल्या, तेलाचे काम आपसूक मागे पडले.

हे खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे लिहिण्यासाठी हा लेख.

प्रथम घाणा म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्यातही आता तो पाहिलेले थोडेच उरले असतील. मीदेखील चालता घाणा पाहिलेला नाही. माझ्या जन्माआधी पंचवीस-तीस वर्षे तो थांबला होता. आमच्या अंगणात त्याचे दगडी उखळ मात्र होते. त्यात पावसाचे पाणी साचायचे आणि कोंबड्या ते प्यायच्या. (गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तर आडनाव सांगितल्यासारखेच होईल.) बाकी सारे आजीकडून ऐकलेले. उखळात लाकडी लाट उभी असे, तिला आडवे लाकूड जोडलेले, त्यावर वजनाला धोंडा आणि पुढे बैल. बैलाच्या डोळ्यांना झापडे बांधलेली, नाहीतर गोल फिरून त्याला घेरी येते. एक घाणा निघायला दोन तास तरी लागत. तीळ आणि खोबरे खाण्यासाठी, करंज आणि उंडी दिव्यासाठी. लोक आपापले तीळ, आपापले खोबरे घेऊन येत आणि तेल घेऊन जात. मोबदला बहुधा भाताच्या रूपाने, तोही सुगीनंतर. पेंड गुरांना. घाण्याच्या पेंडीत तेल बरेच राहते, त्यामुळे ती गुरांना मानवते. गुरांचे शेण शेताला. म्हणजे घाणा हा केवळ धंदा नव्हता, शेतीच्या चाकाचा तो एक आरा होता. आपले लोक ‘तेली’ म्हणून ओळखले जात असले तरी बहुतेकांच्या घरी थोडी भातशेती, चार-दोन नारळ असतच.

शुक्रवारी दिवस कलला की बैल सुटायचा. मग शनिवारी सूर्य मावळेपर्यंत घाण्याला कोणी हात लावायचा नाही. म्हणून नाव पडले शनवार तेली. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आपल्या समाजाची याच नावाने नोंद आहे. शेजारच्या तेल्यांमध्ये सोमवार पाळणारे होते, ते सोमवार तेली. शाळेत मुले मला या नावाने चिडवत आणि मी रडत घरी येई. आज वाटते, यापेक्षा चांगले नाव कोणते मिळणार होते? शेकडो वर्षे ज्यांच्यापाशी तोराची पोथी नव्हती, हिब्रू अक्षर नव्हते, त्यांनी शब्बाथ इतका सांभाळला की शेजाऱ्यांनी त्यांना त्याचेच नाव दिले. दहा आज्ञांमध्ये बैलालाही विश्रांती सांगितली आहे, ती आमच्या पणजोबांचा बैल घेत होता.

आपले सणही शेतीच्या वर्षाशी बांधलेले होते. हाईम सामुएल केहीमकरांनी आपल्या इतिहासात ती जुनी नावे नोंदून ठेवली आहेत. रोश हाशानाला नव्याचा सण, त्यानंतर खिरीचा सण, किप्पूरला दरफाळणीचा सण, दुसऱ्या दिवशी शिळा सण. हे पुस्तक केहीमकरांनी १८९७ मध्ये पुरे केले, पण छापले गेले ते १९३७ मध्ये, आणि तेही तेल अवीवमध्ये. ते लिहीत होते तेव्हाच गावातला घाणा धापा टाकू लागला होता.

कशाने? उत्तर एका शब्दात देता येईल. घासलेट.

घाण्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे माणसाचे पोट नव्हे, दिवा. घरोघरी दिवा, देवळात दिवा, आपल्या मशिदीत दिवा, बैलगाडीखाली टांगलेला कंदील. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत आधी अमेरिकेचे आणि मग रशियाचे रॉकेल मुंबई बंदरात उतरू लागले. ते करंजेलापेक्षा स्वस्त, उजेड जास्त, आणि डबा रिकामा झाला की पाणी भरायला, धान्य ठेवायला, पत्रा कापून छपराला लावायला उपयोगी. आजी सांगायची की तिच्या सासरी पहिला घासलेटचा डबा आला तो पणजोबांच्या नकळत, मागच्या दाराने. तेल्याच्या घरात घासलेट! पण सुनांना काजळी नसलेला उजेड हवा होता. त्यांना दोष कसा द्यायचा?

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. १८९२ मध्ये ‘म्युरेक्स’ नावाचे जहाज रॉकेलने भरून सुएझ कालव्यातून आशियाकडे निघाले. तेलाच्या टाक्या असलेले त्या कालव्यातून गेलेले ते पहिलेच जहाज. ज्याने हा उद्योग मांडला तो मार्कस सॅम्युएल हा लंडनचा यहुदी व्यापारी. पुढे त्याच्याच कंपनीचे नाव ‘शेल’ झाले. त्याला बाटुम बंदरातून तेल पुरवणारी कंपनी होती पॅरिसच्या रॉथशिल्डांची. ज्या घराण्यातल्या बॅरनने इथे रिशोन लेत्सियोन आणि झिख्रोन याकोव्हच्या वसाहती जगवल्या, तेच हे घराणे. एका यहुद्याने खरेदी केलेले, दुसऱ्या यहुद्याच्या विहिरीतले तेल शनवार तेल्याच्या दिव्यात जाऊन पडले. त्यांना आपण आहोत याची खबरही नसणार. यंत्रयुगात असेच होते. घाणा मोडायला कोणी कुऱ्हाड घेऊन येत नाही. दूर कुठेतरी एक जहाज निघते.

दिवा गेला तरी स्वयंपाकाचे तेल उरले होते. ते मुंबईच्या तेलगिरण्यांनी नेले. वाफेच्या आणि नंतर विजेच्या यंत्रावर तेल भराभर निघायचे, पेंडीत कमी राहायचे, म्हणून भाव उतरायचा. भुईमुगाचे तेल बोटीने रेवसला, धरमतरला उतरून बैलगाडीने गावोगावी जाऊ लागले. १९३० नंतर शिवडीच्या कारखान्यातले वनस्पती तूप आले, पिवळ्या डब्यातले. महात्मा गांधींनी १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला आणि मगनवाडीत सुधारलेली घाणी तयार करण्याचे काम सुरू झाले. काम मोलाचे होते, पण आमच्या गावचा बैल तोवर विकून झाला होता.

आता माझ्या नातीच्या वाक्याकडे परत येते. आपण शिकलो म्हणून घाणा सुटला, असे असते तर सोमवार तेल्याचा घाणा चालू राहायला हवा होता. त्याच्या घरी तर कोणी मॅट्रिक झालेले नव्हते. पण त्याचाही घाणा थांबला, दोन-चार वर्षे मागेपुढे. शनवार काय आणि सोमवार काय, घासलेटच्या डब्याने वार पाहिला नाही.

शिक्षणाचा आणि नोकरीचा वाटा मी नाकारत नाही. कंपनी सरकारच्या पलटणींत आपले लोक अठराव्या शतकापासून होते. मुंबईची पहिली मशीद १७९६ मध्ये बांधणारे सामुएल येझेकिएल दिवेकर पलटणीतलेच. सुतार, गवंडीही मुंबईत लवकर गेले. पण हे लोक पेन्शन घेऊन गावी परतत, शेत घेत, घर बांधत. रेवदंड्याची मशीद १८४२ ची, अलिबागची १८४८ ची, पनवेलची १८४९ ची, पेणची १८६३ ची. या तारखा नीट पाहा. गाव सोडून चाललेला समाज गावात दगडी मशिदी बांधत नाही. पलटणीने आपली माणसे नेली आणि परत पाठवली. गिरणीने नेली ती परत आली नाहीत. आग्रीपाड्यात आपली मागेन हसीदिमची भव्य इमारत १९३१ मध्ये उभी राहिली, त्या वेळी आमच्या गावात शब्बाथला मिन्यानसाठी दहा पुरुष जमवायला शेजारच्या गावात निरोप जात होता.

माझे आजोबा पहिल्या महायुद्धानंतर मुंबईला गेले. एका कापडगिरणीत साचेखात्यात लागले. गिरणीचे नाव लिहीत नाही, तिचा दोष असा काही नव्हता, सगळ्यांची रीत तीच होती. भायखळ्याला एका खोलीत आठ जण. महिन्याला मनिऑर्डर. घरी आजी, चार मुले आणि म्हातारे सासरे. कोकणातल्या लाख घरांची हीच कहाणी, त्यात आपले वेगळे काही नाही. वेगळे होते ते एकच, शनिवार.

मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी फुकट मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १८९० मध्ये रविवारची सुट्टी मान्य झाली. लाखो हिंदू-मुसलमान कामगारांना तो मोठा आधार झाला, आणि लोखंड्यांचे नाव मी आदराने घेते. आपल्या लोकांना मात्र त्याच रविवाराने कोंडीत पकडले. शनिवारी खाडा केला तर पगार कापला जायचा, चार शनिवार खाडा केला तर जागा जायची. आजोबा पहिल्यांदा गावी आले तेव्हा आजीने भाकरी वाढता वाढता विचारले, “शब्बाथाचं काय करता?” ते म्हणाले, “गिरणीचा भोंगा वार विचारत नाही.” त्यानंतर हा विषय आमच्या घरात निघाला नाही. शुक्रवारी संध्याकाळी आजी दिवा लावायची, तेव्हा पणजोबा ओट्यावर बसून राहात, आत येत नसत. आजी म्हणायची, त्यांना मुलाचा राग नव्हता, लाज वाटत होती. कोणाची, ते तिने कधी सांगितले नाही.

गावाने आपल्याला जे नाव दिले होते, ते मुंबईत पहिल्याच महिन्यात खोटे ठरले. आपल्या वडीलधाऱ्यांना ‘शनवार तेली’ ऐकले की राग का येई, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, राग ‘तेली’चा कमी होता. ‘शनवार’ शब्द ऐकवत नव्हता.

गिरण्यांसाठी गावांनी माणसेच नाही, पाणीही दिले. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर भिवपुरी, मग १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याचे पाणी मुळशीच्या धरणाचे, आणि त्या धरणाखाली मावळ्यांची गावे आणि भातखाचरे बुडाली. १९२१ पासून तीन वर्षे सेनापती बापट आणि मुळशीचे शेतकरी सत्याग्रह करत होते. धरणाखाली जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांचा आपल्याकडचा पहिला मोठा लढा हाच. तो हरला. ती वीज मुंबईच्या गिरण्यांत आली. माझ्या आजोबांचा साचा कदाचित त्याच विजेवर चालत असेल. मुळशीच्या शेतकऱ्याचे शेत बुडवून चाललेल्या यंत्रावर बंद पडलेल्या घाण्याचा मालक उभा. एकाला दुसरा माहीत नाही.

यापुढचा भाग आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिला नाही, कारण तोवर आपण इकडे आलो होतो. मी १९६९ मध्ये आले, अलिबागला अकरावीची परीक्षा देऊन. आपण गेलो तेव्हा कारखाना मुंबईत होता आणि माणसे गावातून त्याच्याकडे जात होती. आपण गेल्यावर कारखाना गावात आला. पाताळगंगेच्या काठी रसायनी, रोह्याजवळ धाटाव, १९८५ च्या सुमारास थळचा खतकारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायनांचा प्रकल्प, धरमतर खाडीवर डोलवीचे पोलाद. पेणकर, रोहेकर, थळकर, नागोठणेकर, तुमच्या आडनावांची ही यादी आहे, वाचून पाहा. पनवेल-उरणकडे तर अख्खे शहर आले. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या बाजूला शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण मेले. नंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे ठरले, ते त्या पाच जणांमुळे.

आमच्या शेताचे काय झाले ते सांगते. आजोबा मुंबईला गेल्यावर ते शेजारच्या आगरी कुटुंबाला कुळाने दिले होते. कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आला, आणि शेत त्यांचे झाले. माझ्या वडिलांना फार लागले ते. मला तेव्हाही बरोबर वाटले होते आणि आजही वाटते. तीस वर्षे चिखलात उभे राहिले ते, आम्ही नव्हे. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमीन न कसता उपाशीतापाशी संप केला, तो उगाच नव्हता.

त्या घरची मुलगी माझ्या वर्गात होती. आता तीही पंचाहत्तरीची आहे. तिचा नातू तिला फोन लावून देतो. मागच्या हनुक्काला बोललो तेव्हा मी सहज विचारले, शेत कसे आहे? ती हसली. म्हणाली, “बाय, ते शेत जाऊन चाळीस वर्षां झाली. तुला सांगितलं नव्हतं?” एका कारखान्याच्या रस्त्यासाठी ते संपादन झाले होते. मोबदला मिळाला, त्यात एका मुलीचे लग्न झाले. मोठ्या मुलाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळाला. दाखला घेऊन तो अकरा वर्षे हेलपाटे घालत होता, शेवटी ठेकेदाराकडे रोजावर लागला. खाडीकडचे दुसरे तुकडे कागदावर अजून त्यांचे आहेत, पण पिकत नाहीत. समुद्राचे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधांची दुरुस्ती पूर्वी गावकरी ‘जोळ’ करून, एकत्र येऊन करायचे. प्रत्येक घरातून माणूस, उधाणाच्या आधी. पुढे बांध सरकारकडे गेले आणि गावातली माणसे कामावर जाऊ लागली. खाडीतून बार्जेस जातात, त्यांच्या लाटांनी बांध फुटतात असे तिकडचे शेतकरी सांगतात. एकदा खारे पाणी शिरले की दोन-तीन पावसाळे तरी भात होत नाही.

सगळेच हरले असे मात्र नाही. पेण, उरण, पनवेल तालुक्यांत मोठे विशेष आर्थिक क्षेत्र येणार होते, तेव्हा हेटवणे धरणाच्या पाण्यावरच्या २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये शेतकऱ्यांचे मत घेतले गेले. जमीन द्यायची का, हो की नाही. असे भारतात आधी कुठे झाले नव्हते. शेवटी ते क्षेत्र उभे राहिलेच नाही. माझी मैत्रीण सांगत होती, तिच्या बहिणीने म्हातारपणी चालत जाऊन चिठ्ठी टाकली.

आणि आपण? दिमोना, किरयात गात, बेर शेवा. मुंबईच्या गिरणीत साचे चालवलेली आपली माणसे दिमोनाला ‘कितान’च्या कापडकारखान्यात पुन्हा साच्यांसमोर उभी राहिली. भाषा कळत नव्हती, पण तुटलेला धागा कळत होता. इथे शनिवार परत मिळाला. माझे वडील आयुष्यभर हिशेबनीस, त्यांना इथे आल्यावर गोदामात काम मिळाले. पहिल्या शुक्रवारी दुपारी भोंगा झाला आणि सगळे घरी निघाले, तेव्हा ते फाटकापाशी थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. इकडचे कापडकारखानेही नंतर एकेक करून बंद झाले, स्वस्त माल बाहेरून यायला लागला म्हणून. घासलेटच्या डब्यासारखेच.

नातीची वही मी दुरुस्त करून घेतली. ऑलिव्ह खोडून नारळ काढले. तिने विचारले, “मग सावता, त्यांनी घाणा सोडला की घाण्याने त्यांना?” मी म्हटले, दोन्ही लिही. बाईंनी त्या ओळीखाली लाल प्रश्नचिन्ह काढून वही परत दिली, ते अजून तसेच आहे.

आमच्या अंगणातले उखळ २००६ मध्ये मी गेले होते तेव्हा जागेवर नव्हते. नव्या घरमालकाने ते पायरीला वापरले आहे, उलटे घालून. बसायला छान उंची झाली आहे. मी तिथे बसून चहा घेतला.

वाचकांपैकी कोणाच्या घरी चालत्या घाण्याचा फोटो असेल, किंवा घाण्याच्या भागांची गावाकडची नावे कोणाला आठवत असतील, तर कृपा करून संपादकांकडे कळवावे. लाट आणि उखळ मला ठाऊक आहेत. लाटेवरच्या आडव्या लाकडाला आजी काहीतरी म्हणायची, तो शब्द माझ्या ओठांवर येतो आणि जातो.